तिसऱ्या मजल्यावरचं वजन

"सिस्टर, तुमचा काटा चुकतोय," काटेवाला म्हणाला.

मोठ्या सिस्टरनी मान वर केली नाही. त्यांच्या दोन तळव्यांत मिळून एक अख्खी मुलगी मावली होती, आणि ती काट्याच्या ताटातून उचलून काचेच्या पेटीत परत ठेवायची होती. श्वासाची नळी, दुधाची नळी, बेंबीतली नळी आणि तीन तारा, यांतलं काहीही न ओढता. ते झालं, पेटीचं दार लागलं, तेव्हा कुठे त्या बोलल्या.

"काटा नाही चुकत, दादा. सातशे बहात्तर."

"काल सातशे नव्वद होतं."

"आणि परवा आठशे अकरा. माझ्याच अक्षरात लिहिलंय."

"तेच म्हणतोय मी. रोज वीस-वीस म्हणजे काटाच उतरतोय. होतं असं. खालचे पाय झिजतात, लेव्हल जाते. माझ्याकडे वजन आहे, दोन मिनिटांत बघतो."

सिस्टरनी या विभागात तेवीस वर्षांत नाना तऱ्हेचे बाप पाहिले होते. कुणी यंत्रावरच्या आकड्यांचे फोटो काढतो, कुणी दारावरच्या पहारेकऱ्याशी भांडतो, कुणी पाच मिनिटांत बाहेर पडतो आणि जिन्यात बसून राहतो. पिशवीतून पितळेचं अर्ध्या किलोचं वजन काढणारा बाप मात्र पहिलाच. त्यांनी ते वजन स्पिरिटच्या बोळ्याने दोनदा पुसलं आणि त्याच्या हातात दिलं.

"बघा. पण लवकर."

त्याने वजन ताटाच्या मधोमध ठेवलं. मग चारही कोपऱ्यांवर. पाचशे, पाचशे, पाचशे, पाचशे, पाचशे.

"पटलं?"

"पटलं."

बावीस वर्षं तो मंडईच्या मागच्या गाळ्यात काटे दुरुस्त करत होता. भाजीवाल्यांचे, वाण्यांचे, सोनारांचे, रद्दीवाल्यांचे. माणूस तोंडाने फटकळ, पण त्याने लावलेला काटा म्हणजे दगडावरची रेघ. एकदा एका भाजीवाल्याने डोळा बारीक करून, "जरा माझ्या बाजूला झुकव की," म्हटलं तेव्हा त्याने उत्तर दिलं होतं, "झुकायचं तर गिऱ्हाइकापुढे तू झुक. काट्याला कशाला वाकवतोस?" तो भाजीवाला पुढे कायमचा त्याच्याकडेच येऊ लागला, कारण काटेवाल्याचा काटा आहे म्हटलं की गिऱ्हाईक पारड्याकडे बघतच नसे. अशा माणसाला आज पहिल्यांदा एखादा काटा खोटा निघावा असं मनापासून वाटलं होतं. आणि नेमका तो खरा निघाला.

सिस्टरनी हात धुतले, कोपराने नळ बंद केला आणि त्याला पेटीपासून थोडं बाजूला घेतलं.

"ऐका. सगळ्यांचंच उतरतं. नऊ महिने भरलेल्यांचंही उतरतं. ही तर सव्वीस आठवड्यांची. हिच्या अंगात नुसतं पाणी आहे, ते आधी जाणार. अजून दोन-चार दिवस उतरेल, मग थांबेल, मग चढायला लागेल. दोन आठवड्यांनी जन्माच्या वजनावर परत आली तरी मी खूश."

"आणि तोवर?"

"तोवर रोजचं रोज. आज श्वास मशीन देतंय, उद्या थोडा ती घेईल, परवा घ्यायचा विसरेल. विसरतात हो ही पोरं. तळपायाला टिचकी मारली की आठवतं. डोक्यात रक्त उतरू शकतं. जंतू लागू शकतात. पोट बिघडू शकतं, त्याची मला सगळ्यांत जास्त धास्ती. डोळे महिन्याभराने तपासतील. सगळं नीट पार पडलं, तर तुम्हाला आधी बाळंतपणाची जी तारीख दिली होती ना, त्या सुमाराला घरी."

"म्हणजे सव्वातीन महिने."

"तेवढे दिवस उद्याचं विचारायचं नाही. आणि हे सगळं वर बाईंनाही सांगा. वजन उतरणार हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर घाबरतील त्या."

"सांगतो," काटेवाला म्हणाला.

मग तो तीन मजले चढून वर गेला आणि बायकोला म्हणाला, "आठशे नव्वद."

या खोट्याचा जन्म मुलीच्या जन्मानंतर तिसऱ्या दिवशी झाला होता. सहाव्या महिन्यात बायकोचा रक्तदाब असा काही चढला की डॉक्टरांना दोघींपैकी एकीला तरी वाचवायची घाई झाली, आणि त्या घाईत दोघी वाचल्या. मुलगी आठशे साठ ग्रॅम. तिला तळमजल्यावर नेलं, आईला तिसऱ्या मजल्यावर. ती भुलीत होती, त्यामुळे तिने मुलगी पाहिलीच नव्हती. नंतरही रक्तदाब खाली यायला तयार नव्हता. पडून राहायचं, पडदे लावायचे, जीव शांत ठेवायचा आणि दर तीन तासांनी पंपाने दूध काढायचं, एवढंच तिला करायला सांगितलं होतं. बाकीचं म्हणजे मुलगी, आणि ती रोज सकाळी दहा वाजता नवऱ्याच्या तोंडून वर यायची. ग्रॅममध्ये.

दुसऱ्या दिवशी त्याने खरंच सांगितलं होतं. आठशे चौतीस.

बायको एका छापखान्यात प्रुफं तपासायची. दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात तिची चौदा वर्षं गेली होती. ती छताकडे बघत म्हणाली, "म्हणजे सव्वीस गेले."

"पाणी असतं ते."

"रोज सव्वीस गेले तर बत्तीस दिवस." तिने आवाज चढवला नाही. "बत्तीस दिवसांनी काहीच उरणार नाही."

तासाभरात रक्तदाब पुन्हा चढला. वॉर्डातल्या डॉक्टरांनी त्याला बाहेर नेऊन झापलं. आणि दुपारी पंप अर्धा तास घुरघुरला, तरी बाटली आतून नुसती धुरकटली. एक थेंब खाली उतरला नाही.

तिसऱ्या दिवशी खाली आठशे अकरा होते. जिना चढताना पहिल्या मजल्यावर तो आठशे अकरा म्हणणार होता, दुसऱ्यावर आठशे साठ, आणि वर पोचल्यावर त्याच्या तोंडून निघालं, "आठशे सत्तर." बायकोने डोळे मिटले. दुपारी तीन मिली दूध आलं, घट्ट, पिवळसर. ती सिरिंज त्याने दोन्ही हातांत धरून तीन मजले खाली नेली. चौथ्या दिवशी तो आठशे ऐंशी म्हणाला, आणि नऊ मिली आलं. पाचव्या दिवशी आठशे नव्वद, आणि वीस. दोन रकाने शेजारी शेजारी मांडले की त्यांच्यातलं नातं काटेवाल्याला दिसल्याशिवाय राहत नसे. एका रकान्यात त्याचा आकडा, दुसऱ्यात तिचं दूध. हा चढला की ते चढतं. एवढं उघड दिसत असताना खरं सांगायला आपण काय वेडे आहोत?

आणि बायकोने कधी विचारलं नाही. दुसऱ्या कुणी आकडा आणला असता तर तिने उलटतपासणी घेतली असती. पण काटेवाल्याच्या आकड्यावर तिने अकरा वर्षांच्या संसारात कधी लाल खूण केली नव्हती.

विचारलं ते सासूबाईंनी. त्या लेकीच्या उशाशी स्टुलावर बसून असत आणि त्यांचं तोंड कधी रिकामं नसे.

"जावईबापू, तुमची छटाक दहा-दहानेच वाढते का हो? एकदा तरी अकराने वाढावी."

छटाक हे नाव त्याचंच. खरं म्हणजे मुलगी पंधरा छटाकांना टेकली होती, पण लाडात कुणी मोजमाप करत नाही.

"परवापासून दुसरा काटा आहे, आई. दहा-दहाचाच, मधलं दाखवत नाही."

"एवढं मोठं हॉस्पिटल, आणि काटा बटाट्याचा?"

शेजारच्या खाटेवरची बाई तोंडावर पदर घेऊन हसली. बायकोही हसली, आणि टाके दुखतात म्हणून लगेच थांबली. काटेवालाही हसला. दुसऱ्या दिवशी मात्र तो नऊशे तीन म्हणाला. त्याच्या पुढच्या दिवशी नऊशे अकरा.

"बघा," सासूबाई म्हणाल्या, "माझं ऐकलं हॉस्पिटलने. काटा बदलला."

आठव्या दिवशी, शुक्रवारी, दोन चांगल्या गोष्टी एकदम झाल्या आणि काटेवाला दोन्हींच्या मध्ये सापडला.

पहिली खाली. सातशे चौसष्टावर थांबलेली मुलगी आदल्या दिवशी तीन ग्रॅम चढली होती, आज आणखी आठ. सातशे पंच्याहत्तर. सिस्टर आकडा लिहिताना चक्क गुणगुणत होत्या. "लागली हो वाटेला. दूध पण पचवतेय, तासाला एक मिली. तुमच्यासारखीच दिसते, काही आलं की मोजून घेते."

दुसरी वर. वॉर्डातल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की रक्तदाब उतरलाय. हवं तर आज चाकाच्या खुर्चीतून दहा मिनिटं खाली नेऊ, नाहीतर सोमवारी टाके काढल्यावर निवांत नेऊ.

पेटीला एक कागद लटकवलेला होता. त्यावर तारीखवार वजनं, सिस्टरच्या ठसठशीत अक्षरात. कुणीही वाचावीत अशी. आणि येणारी बाई प्रुफं तपासणारी.

"सिस्टर," काटेवाला म्हणाला, "एक विचारू? आमच्या घरचे आज येतील कदाचित. तेवढ्यापुरता हा कागद जरा... आत ठेवला तर?"

"का?"

त्याने सांगितलं. उभ्या उभ्या, पेटीकडे बघत, सगळं सांगितलं. सिस्टरनी पेन खिशाला लावलं.

"वर किती झालीय ती आज?"

"नऊशे अठरा."

"म्हणजे एकशे त्रेचाळीस ग्रॅम जास्त." हिशेबात त्याही कच्च्या नव्हत्या. "दादा, या कागदावरून मी औषध भरते. दहा ग्रॅम खोटे लिहिले तर दहा ग्रॅमचं औषध तिच्या अंगात जास्त जातं. हा कागद कुठेही जाणार नाही."

"मी खोटं लिहा म्हणत नाही."

"तेच म्हणताय. आता वर जा, खरं सांगा आणि घेऊन या त्यांना. आजच. रडतील, चिडतील, तुम्हाला दोन शब्द बोलतील. पण मुलगी बघतील. बोट तरी लावतील. आठ दिवस झाले हो."

जिन्यात तो प्रत्येक मजल्यावर थांबला. एकशे त्रेचाळीस. वरचा आकडा आहे तिथेच धरून ठेवायचा आणि खालचा रोज आठ-दहाने चढू द्यायचा. सोमवारपर्यंत तीस तरी भरून निघतील. उरलेल्यांचं काहीतरी सुचेल. आणि मधल्या दिवसांत दूध तर आटणार नाही.

वर बायको उठून बसली होती. केस विंचरलेले, अंगावर धुतलेला गाऊन. पाय खाटेवरून खाली सोडलेले.

"अहो, डॉक्टर म्हणाले आज गेलं तरी चालेल. जाऊ का? की सोमवारी?"

तिच्या पायात चपला होत्या, हे त्याने बघितलं. एवढं कळायला त्याला काट्याची गरज नव्हती.

"सोमवारी ये," तो म्हणाला. "टाके निघू दे. मग तासभर नीट बस तिच्यापाशी. ती कुठे पळून जातेय?"

"मी तेच म्हणते," सासूबाई म्हणाल्या. "उगाच चक्कर आली म्हणजे? अंगाने भरतेय ना पोर, मग झालं तर."

बायकोने पायांतल्या चपलांकडे बघितलं. मग तिने एका पायाने दुसऱ्या पायातली चप्पल काढली. "बरं. सोमवारी."

शनिवारी खाली सातशे चौऱ्याऐंशी होते. वर त्याने सांगितलं, "आहे तेवढंच आहे. नऊशे अठरा." बायको म्हणाली, "असू दे. दमली असेल."

रविवारी सकाळी दहा वाजता सिस्टरनी मुलीला काट्यावर ठेवलं आणि काटेवाल्याने आकडा त्यांच्याआधी वाचला. आठशे बासष्ट.

त्याने तो पुन्हा एकदा वाचला. मग तो म्हणाला, "सिस्टर, जन्मापेक्षा दोन जास्त."

सिस्टरनी मुलीला पुन्हा उचलून काटा शून्यावर आणला आणि पुन्हा ठेवलं. आठशे बासष्ट. त्यांनी पेन हातात घेतलं नाही. मुलीच्या नडगीवर त्यांनी अंगठा हलकेच टेकवून उचलला. तिथे खळगा पडला. दोघंही त्या खळग्याकडे बघत राहिले. तो भरून येईना.

"एका रात्रीत अठ्ठ्याहत्तर ग्रॅम कुठलंही बाळ वाढत नाही, दादा," सिस्टर म्हणाल्या. "ही सूज आहे. पहाटेपासून दूध पोटात तसंच राहतंय. मी डॉक्टरांना बोलावलंय."

त्याच्या धंद्यातही असंच असतं. एखादा काटा अचानक जास्त दाखवायला लागला की गिऱ्हाईक हरखतं, आणि काटेवाला आत काय अडकलंय ते बघायला ताट उलटं करतो. हे त्याला ठाऊक होतं. तरीही पाच मिनिटं तो हरखला होता.

मुलीचं पोट फुगून चकाकत होतं, आणि बेंबीच्या खाली निळसर छटा आली होती. एक्स-रे झाला. सर्जन आले, बघून गेले. मग तरुण डॉक्टरीणबाईंनी त्याला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि स्वतः शेजारी बसल्या. डॉक्टर उभं न राहता शेजारी बसतात तेव्हा काय असतं, ते सांगावं लागत नाही.

"आतड्याला भोक पडलंय. इतक्या लवकर आलेल्या बाळांना होतं हे. आतडं अजून तयार झालेलं नसतं."

"दुधाने झालं?"

"नाही. आईचं दूध तर यापासून वाचवतंच. कुणामुळे झालेलं नाही हे."

"ऑपरेशन?"

"सर्जन म्हणाले, टेबलापर्यंतही टिकणार नाही. आम्ही तिला दुखू देणार नाही, तेवढं आमच्या हातात आहे." त्या थांबल्या. "आजचा दिवस मिळेल. कदाचित दुपारपर्यंतच. आई कुठे आहे तिची?"

"वर."

"येऊन गेल्यात ना त्या?"

"उद्या येणार होती," काटेवाला म्हणाला.

या वेळी तो कुठल्याच मजल्यावर थांबला नाही. सासूबाई लेकीची वेणी घालत होत्या, आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईला सांगत होत्या की उद्या आमची स्वारी खाली निघणार. त्याला बघून म्हणाल्या, "आले काटेवाले. बोला, आज काय भाव?"

तो बायकोच्या समोर उभा राहिला.

"नऊशे अठरा नाहीये," तो म्हणाला. "कधीच नव्हतं. मी खोटं सांगत होतो."

सासूबाईंचे हात वेणीत तसेच राहिले.

बायकोने त्याच्याकडे बघितलं. प्रुफात एखादं पान सबंध गाळलं गेलंय हे लक्षात आल्यावर माणूस जसं बघेल, तसं. "मग किती होतं?"

"पहिल्या दिवशी आठशे साठ. ते खरं. दुसऱ्या दिवशी आठशे चौतीस, तेही खरं. मग आठशे अकरा. सातशे नव्वद. सातशे बहात्तर. सातशे चौसष्ट. सातशे सदुसष्ट." त्याने कागद बघितला नाही. कागद त्याला लागत नव्हता. "सातशे पंच्याहत्तर. सातशे चौऱ्याऐंशी. आज आठशे बासष्ट, पण ती सूज आहे. आतडं फाटलंय तिचं. डॉक्टर म्हणाले, दुपारपर्यंत."

शेजारच्या खाटेवरची बाई भिंतीकडे वळून पडली.

"शुक्रवारी किती?"

"सातशे पंच्याहत्तर."

"चढत होती."

"हो."

"चांगली होती शुक्रवारी."

"हो."

"मी विचारलं होतं, जाऊ का."

काटेवाल्याने मान हलवली.

"अहो, तुम्ही..." सासूबाईंनी सुरुवात केली, पण त्यांना पुढचं सापडेना. आयुष्यात पहिल्यांदाच सापडत नसावं.

"आई, वेणी राहू दे," बायको म्हणाली. आणि नवऱ्याला म्हणाली, "खुर्ची आणा."

लिफ्टने ते खाली आले. सासूबाई काचेच्या दाराशी थांबल्या, आत दोघांनाच सोडत होते. बायकोने कोपरापर्यंत हात धुतले. सिस्टरनी दाखवलं तसे, बोटांच्या फटी, अंगठे, मनगटं, आणि पुन्हा एकदा सगळं. मग सिस्टरनी खुर्ची पेटीशी लावली, गाऊनच्या नाड्या सोडल्या आणि नळ्यांसकट मुलीला तिच्या उघड्या छातीवर, दोन स्तनांच्या मध्ये ठेवलं. वरून एक मऊ चादर टाकली. मुलीचं डोकं हनुवटीच्या खाली बरोबर बसलं.

बायकोने चादरीवरून तिच्या पाठीवर तळवा टेकवला.

"जड आहे हो," मग ती म्हणाली. नवऱ्याला म्हणाली की सिस्टरना, ते कळलं नाही. "मला वाटलं होतं, ठेवलंय ते कळणारसुद्धा नाही. कळतंय."

"कळतंच," सिस्टर म्हणाल्या.

"हिला मी काढलेलं दूध मिळालं?"

"कालपर्यंत सगळं. तुमचंच. एक थेंब बाहेरचा नाही दिला."

"दुसऱ्या दिवशी आलंच नव्हतं."

"दुसऱ्या दिवशी कुणालाच येत नाही, बाई. तिसऱ्या-चौथ्या दिवशी उतरतं. काही करा, काही नका करू, दिवस भरले की येतंच. अगदी आई तापाने फणफणत असली तरी."

काटेवाला खुर्चीच्या मागे उभा होता. त्याने ऐकलं. दोन रकाने शेजारी शेजारी होते आणि त्यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. आठ दिवस त्याने रोज तीन मजले चढून एक आकडा वर नेला होता, आणि तो कुणालाच लागत नव्हता.

बायकोने मागे वळून बघितलं नाही. पण तिनेही ऐकलं होतं. थोड्या वेळाने ती म्हणाली, "उभे काय राहिलात? पुढे या. तिचा चेहरा इकडे आहे."

तो पुढे येऊन जमिनीवर उकिडवा बसला. मुलीचा कान चादरीबाहेर आला होता, चुरगळलेल्या पाकळीसारखा, त्याच्यावर बारीक लव. बायकोने त्याला मुलीच्या भुवया दाखवल्या, ज्या त्याने दहा दिवस रोज बघितल्या होत्या. तिने नखं दाखवली. त्याने सगळं पहिल्यांदाच बघतोय तसं बघितलं. तिने एकदा विचारलं, "श्वास घ्यायचा विसरली की काय करायचे?" त्याने सांगितलं, तळपायाला टिचकी मारायचे. तिने चादरीत हात घालून तळपाय शोधला आणि टिचकी मारली नाही. नुसता अंगठ्याखाली धरून ठेवला.

दीड वाजायच्या सुमाराला डॉक्टरीणबाई आल्या. वाकून त्यांनी दोनदा ऐकलं. दुसऱ्यांदा बराच वेळ. मग त्यांनी स्टेथोस्कोप गळ्यातून काढून हातात घेतला आणि मान हलवली. सिस्टरनी मशीन बंद केलं. दहा दिवस तो आवाज चालू होता, हे तो थांबल्यावर कळलं.

आणखी अर्धा तास कुणी त्यांना उठवलं नाही.

मग सिस्टर फॉर्म घेऊन आल्या. नाव अजून ठेवलेलं नव्हतं, तिथे त्यांनी आईचं नाव लिहिलं. आठवडे, वेळ, कारण. एका रकान्याशी त्या थांबल्या. "वजन लागतं इथे. सकाळचंच लिहिते मी."

"नको," बायको म्हणाली. "करा. माझ्यासमोर करा."

"बाई, काही गरज नाहीये हो त्याची."

"मला आहे."

सिस्टरनी काटेवाल्याकडे बघितलं. त्याने खाली बघितलं. मग त्यांनी एकेक चिकटपट्टी पाण्याने भिजवून सोडवली, गालावरची, मनगटावरची, पोटावरची. एकेक नळी काढली. हाताला बांधलेली लाकडी पट्टी काढली. आजवरच्या प्रत्येक वजनातून काही ना काही वजा करावं लागलं होतं. आता वजा करायला काही राहिलं नाही.

काटेवाल्याने ताटात चादरीची घडी अंथरली आणि काटा शून्यावर आणला. बायको खुर्चीतून उठून उभी राहिली. सिस्टर तिला धरायला पुढे झाल्या, पण तिने त्यांना मानेनेच नको म्हटलं. तिने मुलीला स्वतःच्या हातांनी ताटात ठेवलं, डोकं सरळ केलं आणि दोन्ही हात मागे घेतले.

आकडे पळायला लागले. आठशे त्र्याऐंशी. आठशे पंचवीस. नऊशे चार. आठशे साठ. ते थांबेनात. काटेवाला वाकला, काट्याचे पाय बघितले, लेव्हल बघितली. सगळं जागच्या जागी होतं. आकडे पळतच होते.

"दादा," सिस्टर हळू आवाजात म्हणाल्या, "हात."

त्याने बघितलं. त्याचा डावा हात ताटाच्या कडेवर होता, मुलीच्या पायांशी. तो तिथे कधी गेला, हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याने तो काढायला हवा होता, पण लगेच निघाला नाही. आधी करंगळी सुटली, मग बाकीची बोटं. अंगठा सगळ्यांत शेवटी.

आकडा थांबला.

काटेवाल्याने तोंड उघडलं नाही. बायको पुढे झुकली. आकडा तिने स्वतः बघितला, पुन्हा एकदा बघितला, आणि मोठ्याने वाचला.

"आठशे एक्केचाळीस."

सिस्टरनी लिहिलं.